कॉइल जळाली, दोष कुणाचा?

प्रश्न : मी सेलूचा, निवृत्त शिक्षक. वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून चालवतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्ट देणारा भाग) घेतली, ती वीस दिवसांत जळाली. दुकानदाराने पुन्हा पैसे घेऊन तशीच दुसरी दिली, तीही जिंतूर रस्त्यावर बंद पडली. आता दुकानदार म्हणतो मिस्त्रीची चूक, मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट. बिल नाही, पैसे फोनवरून दिले. काय करावं?

उत्तर : गुरुजी, सगळ्यात आधी आठवा, काउंटरवर तुम्ही नेमकं काय म्हणालात? "पद्मिनीला बसेल अशी कॉइल द्या", की अमुक कंपनीची, अमुक नंबरची द्या? तुमचा दावा बराचसा या एका वाक्यावर उभा राहणार आहे. वस्तू कशासाठी हवी ते सांगून गिऱ्हाईक दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबलं, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, असं वस्तुविक्री कायदा, 1930 चं कलम 16 सांगतं. तुम्हीच ब्रँडचं नाव घेऊन मागितली असेल, तर हा आधार लंगडा पडतो.

आता दोष कुणाचा, ते बघू. तुमच्या गाडीत अजून पॉइंटच (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) असतील, असं धरतो. पॉइंटच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा भाग) नसेल, तर साधारण 3 ओहमची कॉइल लागते. म्हणजे 12 व्होल्टवर 4 अँपिअर. तिथे दीड ओहमची कॉइल बसवली की करंट दुप्पट, 8 अँपिअर. कॉइल तापते, पॉइंट जळतात. मग माल अस्सल असला तरी या गाडीसाठी तो चुकीचाच. जळालेल्या कॉइलच्या मीटर रीडिंगवर भरवसा ठेवू नका, आतली वायर तुटली किंवा शॉर्ट झाली की आकडा फसवतो. कॉइलवरचा नि खोक्यावरचा नंबर बघा. त्यावर "रेझिस्टरसह वापरा" असं छापलेलं असेल आणि दुकानदाराने ते सांगितलं नसेल, तर बोट त्याच्याकडे जातं. तुम्ही मॉडेल न सांगता नुसती "कॉइल" मागितली आणि मिस्त्रीने न वाचता बसवली, तर मात्र मिस्त्रीकडे.

एक अवघड प्रश्न समोरचा वकील हमखास विचारणार : इंजिन बंद ठेवून किल्ली चालू ठेवली होती का? टेप ऐकायला म्हणून असं करणारे पुष्कळ आहेत. पॉइंट मिटलेले राहिले तर चांगली कॉइलसुद्धा त्याने जळते. खरं उत्तर आधी मला सांगा, ग्राहक आयोगापुढे नको.

बिल नसल्याने घाबरू नका. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणंही त्यातच येतं. माल परत करण्याची मुदत बिलावर नसेल तर कायदा 30 दिवस धरतो. पैसे दिल्याचा फोनवरचा पुरावा, दुकानदाराशी झालेले मेसेज नि दोन्ही कॉइल जपून ठेवा. फोन विकू नका.

दुकान संभाजीनगरला असलं तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकीलही लागत नाही (हे लिहिताना मला, एका वकिलाला, त्रास होतोय). मुदत, कारण घडल्यापासून 2 वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दोन्ही कॉइलचे पैसे, गाडी ओढून आणण्याचा खर्च, मिस्त्रीची मजुरी, सगळं मागा. आयोग प्रयोगशाळेत तपासणी करायला लावू शकतो, पण तिची फी तुम्हाला भरावी लागू शकते, हे धरून चाला.

"डुप्लिकेट" हा शब्द मात्र नोटिशीत घालू नका. नकली मालाचा आरोप ट्रेडमार्क कायद्यात फौजदारी गुन्ह्याचा होतो, आणि तो सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येईल. "या गाडीसाठी अयोग्य आणि सदोष" एवढंच लिहा.

आणि दुकानदार "कॉइल आणा, कंपनीला पाठवतो" म्हणाला, तर एकच द्या, फोटो काढून, लेखी पोच घेऊन. दुसरी घरीच राहू द्या.