'ने' म्हणजे घोड्याचं खिंकाळणं. मग स्पेलिंगमध्ये 'जी-एच' कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'हॉर्सेस ने' असं वाक्य आहे, उच्चार नुसता 'ने', तर स्पेलिंग एन-ई-आय-जी-एच असं लांबलचक का? 'नेबर'च्या स्पेलिंगमध्ये हीच अक्षरं दिसतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि 'व्हिनी' म्हणजे तेच का?

आधी 'नेबर'चं उत्तर, कारण ते लहान आहे. काहीही संबंध नाही. 'नेबर' जुन्या इंग्रजीतल्या दोन शब्दांपासून झाला: 'नेआह' म्हणजे जवळ आणि 'गेबूर' म्हणजे वस्ती करून राहणारा शेतकरी. जवळ राहणारा तो शेजारी. दोन्ही शब्दांची अक्षरं काळाच्या ओघात एकसारखी झाली, इतकंच. नकारार्थी 'ने' (एन-ए-वाय) हाही वेगळाच. तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या 'नेइ'वरून आला. कानाला तिन्हींची सुरुवात सारखी वाटते, पण कुळं तीन आहेत.

आता घोडा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद साधारण 'ह्नॅगन' असं होतं. 'अन' हा तेव्हाचा क्रियापदाचा प्रत्यय, तो नंतर गळाला. मधला 'ग' मऊ होत होत 'य'कडे झुकला आणि आधीच्या स्वरात मिसळून गेला. 'वे' म्हणजे वजन करणे, डब्ल्यू-ई-आय-जी-एच, त्याचंही असंच झालं. ते मूळचं 'वेगन'. म्हणून तुमच्या मुलीला ही दोन स्पेलिंगं जोडीनं शिकवा, एक लक्षात राहिलं की दुसरं आपोआप राहतं. दोन्हींत 'ई' आधी, 'आय' नंतर.

पण 'य'सारखा आवाज असेल तर 'जी-एच' कुठून आलं? त्या काळी इंग्रजीत एक अक्षर होतं, त्याला 'योघ' म्हणत. दिसायला अगदी आपल्या तीनच्या आकड्यासारखं. हे एकच अक्षर दोन कामं करायचं: कधी 'य'साठी, कधी घशातून येणाऱ्या 'ख'सारख्या घासट आवाजासाठी. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली, लेखनिक फ्रेंच वळणाचे झाले आणि त्यांना हे अक्षर परकं वाटू लागलं. हळूहळू त्याच्या जागी कुठे 'वाय' तर कुठे 'जी-एच' लिहिण्याची पद्धत पडली. छपाई सुरू झाल्यावर तर योघचे खिळेच नव्हते. स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी छापणाऱ्यांनी त्याच्या जागी 'झेड' वापरला, म्हणून 'मेन्झीझ' हे आडनाव लिहितात झेडने आणि जुन्या वळणाने म्हणतात 'मिंगिस'.

'नाइट' म्हणजे रात्र आणि 'एट' म्हणजे आठ, यांतलं 'जी-एच' मात्र खऱ्या घासट आवाजाचं आहे. तो आवाज जर्मनमध्ये 'नाख्ट' आणि 'आख्ट' असा अजून जिवंत आहे, आणि संस्कृत 'नक्तम्'मधला 'क' हा त्याच घराण्यातला. इंग्रजांनी तो उच्चारणं सोडलं, लिहिणं सोडलं नाही. पुढे तर 'जी-एच'ची इतकी सवय झाली की जिथे ते कधीच नव्हतं तिथेही शिरलं. फ्रेंचमधून आलेलं 'डिलाइट' आधी 'जी-एच'शिवाय लिहीत. बर्फावरची घसरगाडी 'स्ले' हा डच 'स्ले'वरून घेतलेला शब्द, त्यात 'जी-एच' केवळ 'वे' आणि 'ने' यांच्या पंगतीला बसल्यामुळे आलं.

मला या शब्दात सगळ्यात जवळचं वाटतं ते मात्र शेवटचं 'जी-एच' नाही, तर सुरुवातीचा हरवलेला 'ह'. 'ह्नॅगन' पुन्हा एकदा म्हणून पाहा. आपल्याला हे जड जात नाही, कारण मराठीत 'न्हावी', 'न्हाणीघर', 'न्हाऊन' असे शब्द आहेत आणि 'न'बरोबर श्वास सोडायची जिभेला सवय आहे. जुन्या इंग्रजीत असे शब्द भरपूर होते. 'नट' म्हणजे कवचाचं फळ, ते 'ह्नुतु' होतं. 'नेक' म्हणजे मान, ते 'ह्नेक्का' होतं. 'रिंग' ही 'ह्रिंग' होती आणि 'लोफ' हा 'ह्लाफ' होता. साधारण बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीने हे सगळे सुरुवातीचे 'ह' टाकून दिले. मानेच्या किंवा पावाच्या बाबतीत काही बिघडलं नाही. पण घोड्याच्या शब्दातून तोच आवाज गेला, जो घोड्याचा होता.

कारण हा शब्द मुळात घोड्याच्या आवाजाची नक्कल आहे. घोडा श्वास घेतो तो नाकानेच. खिंकाळताना तो मान वर करतो, कान टवकारतो, नाकपुड्या फुगतात आणि त्याचं अख्खं अंग थरथरतं. आवाज उंच, किंचाळल्यासारखा सुरू होतो, मग थरथरत खाली येतो आणि शेवटी नाकातून फुरफुरत संपतो. म्हणजे श्वास आणि अनुनासिक, 'ह' आणि 'न'. तुम्ही इतर भाषा पाहा. लॅटिनमध्ये 'हिन्नीरे', डचमध्ये 'हिनिकेन', हिंदीत 'हिनहिनाना'. संस्कृतातल्या 'हेषा'त 'ह' आहे, आपल्या 'खिंकाळणे'त तर घशातला 'ख' आणि त्यावर अनुस्वार. आइसलँडच्या लोकांनी जुनं रूप जपलं आहे, ते आजही 'हनेग्या' म्हणतात, 'ह' आणि 'न' दोन्ही शाबूत.

याला एक सुंदर पुरावा आहे. १७२६ साली जोनाथन स्विफ्टने गलिव्हरच्या प्रवासांचं पुस्तक काढलं. चौथ्या प्रवासात गलिव्हर अशा देशात पोचतो जिथे घोडे शहाणे आणि राज्यकर्ते आहेत. त्या घोड्यांच्या जातीचं नाव स्विफ्टने असं लिहिलं: एच-ओ-यू-वाय-एच-एन-एच-एन-एम. इंग्रज वाचकही ते कसंबसं 'हुइनम' असं वाचतात. त्यात 'एच-एन' एकदा नाही, लागोपाठ दोनदा आलं आहे! इंग्रजी शब्दातून हा जोड जाऊन शतकं लोटली होती, तरी घोडा ऐकून कागदावर उतरवायला बसलेल्या माणसाच्या लेखणीतून तोच परत आला.

राहिला प्रश्न 'व्हिनी'चा. रोजच्या इंग्रजीत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात आणि परीक्षेत 'घोड्याचा आवाज' विचारला तर 'ने' हेच लिहायचं. घोडे पाळणारे लोक मात्र फरक करतात. 'ने' म्हटलं की मोठा, लांबवर जाणारा आवाज मनात येतो, 'व्हिनी' त्यापेक्षा थोडा हलका. आणि 'निकर' हा तिसरा शब्द तर अगदी वेगळा: तोंड बंद ठेवून घशातल्या घशात केलेला मऊ घुरघुराट. घोडी आपल्या शिंगराला जवळ बोलावताना किंवा चंदीची बादली दिसल्यावर घोडा असा आवाज काढतो. हा फरक प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर माथेरानला दस्तुरी नाक्यावर थोडा वेळ थांबा. जोडीचा घोडा पुढे निघून गेला की मागे बांधलेला जे ओरडतो, ते 'ने'.

या मोठ्या आवाजात एकाच वेळी दोन सूर असतात, हेही मुलीला जरूर सांगा. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की त्यातल्या एका सुरावरून घोडा किती उत्तेजित झाला आहे ते कळतं, तर दुसऱ्यावरून तो आनंदात आहे की त्रासात ते. सोबती दूर गेल्यावरचं खिंकाळणं आणि तो परत आल्यावरचं खिंकाळणं म्हणूनच सारखं नसतं.

वाक्यात वापरताना हे नियमित क्रियापद आहे, भूतकाळी 'नेड', चालू काळात 'नेइंग', आणि 'अ लाउड ने' असं नाम म्हणूनही चालतं. मराठी करताना 'ने' आणि 'व्हिनी' दोन्हींना बेलाशक 'खिंकाळणे' लिहा. 'निकर'ला मात्र नको. शिंगराला पाहून घोडी खिंकाळली असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या कानात भलताच मोठा आवाज येईल. तिथे 'घोडी घशातल्या घशात हळू घुरघुरली' असं लिहिलेलं चांगलं.