खानापुरात घरी भजन लावलं की डग्गा घुमतो, हेडफोनवर मात्र स्वच्छ. स्पीकर बदलू का?

लगेच बदलू नका, स्पीकर कोपऱ्यात असेल तर आधी तिथून बाहेर काढा. बेळगावात मी अँप्लिफायर-स्पीकर दुरुस्त करतो. ‘डग्गा घुमतो’ म्हणून आलेले बरेचसे स्पीकर ठणठणीत निघतात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. शिवाय १२ फुटांची खोली साधारण ४७ हर्ट्झला आणि पुन्हा ९४ च्या आसपास स्वतःच घुमते, अन् डग्ग्याची गुंज त्याच भागातली. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला ठेवा. लोखंडी कपाटावर तर नकोच, ते स्वतःच वाजायला लागतं! मात्र गाणाऱ्याचा गळाही नाकातून आल्यासारखा वाटत असेल, तर तो रंग बहुधा स्पीकरचाच. जागा बदलून जायचा नाही.