चित्र लांबून मिळते, आवाज मिळत नाही
वाचकांचे प्रश्न : वृत्तपत्र छायाचित्रकार, व्हिडिओ आणि गावाचे दुःख

प्रश्न : स. न. वि. वि. मी गेली एकोणीस वर्षे एका जिल्हा दैनिकात छायाचित्रकार म्हणून काम करतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका वाडीवर दरड कोसळली. कार्यालयातून निघतानाच मला सांगण्यात आले की, फोटो दोन-तीन चालतील, पण संकेतस्थळासाठी व्हिडिओ हवाच, आणि ‘रडणारी माणसे मिळाली तर बरे’. एक आजी हेल काढून रडत होत्या; तो आक्रोश मी दुरून चित्रित केला. दोन दिवसांत लाखो लोकांनी तो पाहिला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तोच क्षण फोटोत टिपला असता तर एवढे लागले नसते, असे वाटत राहते. असा काय फरक आहे दोहोंत? — एक छायाचित्रकार, सातारा जिल्हा

उत्तर : ‘दुरून चित्रित केला’ या आपल्या शब्दांतच निम्मे उत्तर आले आहे. फोटोच्या कामात दूर उभे राहणे ही सभ्यता मानली जाते आणि बऱ्याच अंशी ती आहेही. लांबच्या लेन्सने पन्नास पावलांवरून काम करणारा माणूस कोणाच्या अंगावर जात नाही, आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागात जे टिपले जाते ते मुके असते. त्या चेहऱ्यामागे काय चालले आहे, हे वाचकाने आपल्या मनाने भरून काढायचे असते, आणि तेवढ्यापुरती त्या माणसाची मूठ झाकलेली राहते. व्हिडिओत ती उघडते. कोणाचे नाव घेताना आवाज फुटला, कोणाला बोल लावला, कशाचा पश्चात्ताप होतो आहे, हे सगळे परक्याच्या हाती जाते.

त्यातही हेल काढून रडण्याला आपल्या खेड्यांत शब्द असतात. बाई नुसती रडत नाही. गेलेल्याचे गुण, त्याने उपसलेले कष्ट, कधी भावकीतले जुने वैर, कधी लेकाला आदल्या रात्री टाकून बोललो ही खंत, असे सगळे त्या सुरात ती सांगत असते. ते चारचौघांत मोठ्याने म्हटले जाते, म्हणून ते सर्वांसाठी आहे असा समज होऊ शकतो. पण ते चारचौघे कोण, हे ठरलेले असते. भेटायला आलेल्या बायका, सोयरे, शेजार यांना त्यातला शब्दन्‌शब्द कळतो आणि तेराव्यानंतर त्यातले काय विसरायचे तेही कळते. मोबाइलवर ते पाहणाऱ्या लाखोंवर विसरण्याची अशी काही जबाबदारी नसते.

तरीही गावाच्या दुःखाचा व्हिडिओ करूच नये, असे माझे मत नाही. उलट वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने तो नीट केला, तर लांबच्या लेन्सने काढलेल्या फोटोपेक्षा तो अधिक प्रामाणिक होऊ शकतो, कारण आवाज नीट हवा असेल तर लांब राहून भागत नाही. वारा, जेसीबीची घरघर, बघ्यांची कुजबुज या सगळ्यांतून माणसाचा शब्द वेगळा काढायचा, तर कॉलरला माइक लावावा लागतो. त्यासाठी जवळ जाऊन खाली बसावे लागते, आपले नाव आणि पेपरचे नाव सांगावे लागते, आणि समोरच्याने ‘नको’ म्हटले तर उठावे लागते. चित्र न विचारता घेता येते, पण सांगितलेली गोष्ट कोणीतरी आपल्याला द्यावी लागते. आजींचा आक्रोश मोठा होता म्हणून तो आपल्याला न विचारता मिळाला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याला लागून राहिले आहे ते हेच.

या बाबतीत मला अमेरिकेतील ब्लॅक्सबर्गची आठवण होते. सोमवार, १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने सकाळी आधी वसतिगृहात दोघांना आणि सुमारे अडीच तासांनी नॉरिस हॉलमध्ये तीस जणांना गोळ्या घालून ठार केले व मग स्वतःला संपवले. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती, त्यामुळे आपल्याकडेही ती बातमी घरातली झाली होती. जवळच्या रोआनोक शहरातील ‘रोआनोक टाइम्स’ हे दैनिक तोवर संकेतस्थळासाठी व्हिडिओ करू लागले होते, म्हणजे मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या दाखल झाल्या तेव्हा त्याच भागात राहणाऱ्या वृत्तपत्राच्या हातीही व्हिडिओ कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रीडागृहात शोकसभा झाली, संध्याकाळी ड्रिलफील्ड या मोठ्या मैदानावर हजारो मेणबत्त्या पेटल्या, आणि विद्यापीठाच्या इमारती ज्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत, तसले बत्तीस दगड विद्यार्थ्यांनी अर्धवर्तुळात मांडले. पुढे एका विद्यार्थिनीने तेहतिसावा दगड, मारणाऱ्याच्या नावाचा, आणून ठेवला. तो कोणीतरी उचलला, आणि पुन्हा ठेवला गेला. ड्रिलफील्डवर जे घडत होते ते समाजाने स्वतःहून उघड्यावर आणलेले दुःख होते. तिथे कॅमेऱ्याला जागा होती; दवाखान्याच्या दारात, मुलाची खबर ऐकायला धावत आलेल्या आई-बापांच्या तोंडासमोर ती नव्हती. आपल्या वाडीवरही अशा जागा असतील: वाचलेल्यांनी एकत्र बसून केलेली नावांची यादी, शेजारच्या गावांनी पाठवलेल्या भाकऱ्या, शाळेच्या खोलीत अंथरलेल्या सतरंज्या. तिथे थांबून, विचारून केलेला चार मिनिटांचा व्हिडिओ दरडीबद्दल त्या आक्रोशापेक्षा जास्त सांगेल.

‘रडणारी माणसे मिळाली तर बरे’ ही मागणी जुनी आहे. वेल्समधील ॲबरफॅन गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतल्या कचऱ्याचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. एक छायाचित्रकार एका मुलीला, मेलेल्या मैत्रिणींसाठी रड म्हणजे फोटो चांगला येईल, असे सांगत होता, अशी आठवण बचावकार्यात असलेल्या एकाने लिहून ठेवली आहे. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत व्यक्तिगत शोकाच्या क्षणी छायाचित्रणाद्वारे शिरकाव टाळावा असे म्हटले आहे, आणि लगेच पुढे, अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांचे छायाचित्रण व्यापक लोकहिताचे असू शकते, अशी पुस्तीही जोडली आहे. कार्यालयाने ही पुस्ती दाखवली, तर आपण पहिले वाक्य दाखवावे. दरड का कोसळली आणि वाडीला इशारा मिळाला होता का, हे लोकहिताचे आहे; आजींनी कोणाचे नाव घेऊन टाहो फोडला, हे नाही.

आता करता येण्याजोगे सांगतो. तो व्हिडिओ काढून टाकण्याची, निदान त्यातला आवाज बंद करण्याची विनंती डेस्ककडे लेखी करावी. आणि कॅमेरा न घेता एकदा त्या घरी जाऊन यावे. एकोणीस वर्षांत आपण त्या भागातल्या जत्रा, शाळांचे कार्यक्रम, ग्रामसभा टिपल्या असतील. जुन्या हार्ड डिस्क धुंडाळून पाहाव्यात. दरडीखाली घरातला एकुलता फोटोही गेलेला असतो आणि हार घालायला माणसांकडे काही उरत नाही. गेलेल्यांपैकी कोणाचा चेहरा आपल्याकडे निघाला, तर तो मोठा करून, चौकटीत बसवून द्यावा. ही आपल्या चुकीची भरपाई आहे असे मी म्हणत नाही. ते आपल्याच भागातले लोक आहेत, आणि हे काम दुसरा कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : अशा व्हिडिओंना मागे बासरी किंवा सारंगी लावतात. प्रेक्षकाच्या भावना जाग्या व्हाव्यात म्हणून तसे केले तर बिघडते काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिघडते. अमेरिकेतील वृत्तछायाचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत प्रेक्षकाची दिशाभूल होईल अशा रीतीने प्रतिमेत फेरफार करू नये आणि आवाजात भर घालू नये वा बदल करू नये, असे एकाच दमात म्हटले आहे. फोटोत आकाश गडद केले तर आपण आक्षेप घेतो, मग शोकाला सारंगी जोडणे हीही तशीच रंगरंगोटी ठरते. घरात मयत झाली की रेडिओसुद्धा बंद ठेवणारी आपण माणसे. त्या घराच्या चित्राला संगीत कुठून आले, हा प्रश्न पडायला हवा. त्या घरातल्या शांततेत भांडे ठेवल्याचा, दाराच्या कडीचा, पावसाचा जो आवाज असतो, तो पुरेसा असतो. व्हिडिओ करणाऱ्याला स्वतःच्या चित्रांचा भरवसा नसला की तो सारंगी शोधतो, असे माझे निरीक्षण आहे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. व्हिडिओसाठी वाहिन्या असताना पेपरच्या छायाचित्रकाराने त्यात पडावेच का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पडावे की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डर्क हॉल्स्टेड यांनी अमेरिकेत छायाचित्रकारांना व्हिडिओ शिकवणारी कार्यशाळा १९९९ मध्ये सुरू केली आणि तिला नाव दिले ‘प्लॅटिपस’, म्हणजे बदकाची चोच आणि बीव्हरची शेपटी असलेला, अंडी घालणारा सस्तन प्राणी. विनोद बरोबर होता: व्हिडिओ करणारा छायाचित्रकारही तसाच, अर्धा हा आणि अर्धा तो. २००८ मध्ये निकॉन डी-९० आणि कॅनन फाइव्ह-डी मार्क टू हे व्हिडिओ घेणारे कॅमेरे आले आणि फोटोचाच कॅमेरा दोन्ही कामे करू लागला. मात्र ‘शिकागो सन-टाइम्स’ने मे २०१३ मध्ये, वाचकांना व्हिडिओ हवा आहे असे कारण पुढे करून, आपला सगळा छायाचित्र विभागच घरी पाठवला, हेही लक्षात असू द्या. वाहिनीचा माणूस बाइट, म्हणजे दोन-चार वाक्यांचे बोलणे, घेऊन निघून जातो, तर पेपरचा छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात भाजी घेताना त्या कुटुंबाला भेटतो. तुम्ही व्हिडिओ शिकलात, तर हा फरक गमावू नका.

प्रश्न : आमच्या गावात गेल्या वर्षी मोठा अपघात होऊन एकाच आळीतली सात माणसे गेली. कॅमेरे दशक्रियेपर्यंत गावात होते. ग्रामपंचायत त्यांना ‘आता जा’ असे सांगू शकते का? — एक सरपंच, नांदेड जिल्हा

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावरून कोणाला हुसकावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, पण विनंती करण्याचा आहे, आणि एकमुखाने केलेल्या विनंतीचे वजन मोठे असते. व्हर्जिनिया टेकमध्ये २३ एप्रिलला वर्ग पुन्हा सुरू होणार होते. त्याआधी माध्यमांनी आवार सोडावे, असे विद्यार्थी संघटनेने जाहीर केले. त्याच आठवड्यात हल्लेखोराने दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळात टपालाने पाठवलेले त्याचे स्वतःचे व्हिडिओ एनबीसी वाहिनीने दाखवले होते, आणि काही कुटुंबांनी त्या वाहिनीवर ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या होत्या. स्कॉटलंडमधील डनब्लेन गावी १३ मार्च १९९६ रोजी प्राथमिक शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा गावाच्या इच्छेला मान देऊन अंत्यविधींच्या आधीच बहुतांश माध्यमांनी आपली माणसे परत बोलावली.

आपण इतके करावे: घटनेच्या दुसऱ्याच दिवशी गावाच्या वतीने बोलणारी एक व्यक्ती नेमावी, कुठे चित्रीकरण चालेल (चावडी, शोकसभेची जागा) आणि कुठे नाही (घराचा उंबरा, सावडण्याची जागा, दशक्रियेचा घाट) हे एका कागदावर लिहून प्रत्येक वार्ताहराच्या हाती द्यावे, आणि कोणत्या दिवसानंतर गावाला एकटे राहू द्यावे, ती तारीखही त्यावर घालावी. जिल्ह्याच्या पत्रकार संघाला त्याची प्रत पाठवावी. आपल्या ओळखीच्या छायाचित्रकाराला तो कागद आधी दाखवला तर अधिक बरे. घाटावर तुमच्या नजरेतून सुटणारी जागा त्याला नेमकी ठाऊक असते.