बाल्कनीसाठी एफडी मोडू का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. लग्नाला तीस वर्षं होताहेत, म्हणून मुंबईहून चार रात्रींच्या क्रूझवर दोघांनी जायचं ठरलंय. एजंटने दोघांचे मिळून तीन भाव दिलेत: बिनखिडकीची आतली केबिन ६२,००० रुपये, खिडकीची ७४,००० आणि बाल्कनीची १,०८,०००. बचत खात्यात सहलीसाठी एक लाख बाजूला काढलेत. ‘आयुष्यात एकदाच जायचं, तर दोन लाखांची एफडी मोडून बाल्कनीच घ्यावी का?’ असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय, ‘सौ.ना घाटात गाडी लागते.’

माझ्या मते सगळ्या पत्रात हेच वाक्य महत्त्वाचं आहे.

ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. लाल डब्यात शेवटच्या सीटवर बसून कोणी चिखलदऱ्याचा घाट चढलं असेल, तर त्याला वेगळं सांगायला नको. जहाजाचंही तसंच. पुढचं आणि मागचं टोक लाटेबरोबर जास्त वरखाली होतं, मधला भाग कमी. आणि जितके मजले वर जाल तितकं डोलणं जास्त जाणवतं. म्हणजे वहिनींसाठी बरी जागा खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर. गंमत अशी की बाल्कन्या बहुतेक वरच्या डेकवर असतात. तुम्ही ३४,००० रुपये जास्त मोजून त्यांना जास्त हलणाऱ्या जागी नेणार!

आतल्या केबिनपेक्षा खिडकीचे १२,००० जास्त आहेत, म्हणजे रात्रीला ३,०००. ते मात्र द्या. मळमळायला लागलं की दूर क्षितिजाकडे बघितल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं आणि आतल्या केबिनमध्ये बघायला भिंतच असते. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं आधी विचारा. नाहीतर अंबाझरी तलाव दिसेल म्हणून फ्लॅट घ्यावा आणि समोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी निघावी, तशी गत व्हायची. वाऱ्यासाठी बाल्कनी लागत नाही. उघडा डेक सगळ्यांचाच असतो, फुटाळा तलावाच्या काठासारखा.

आता एफडी. तुमच्या पावतीनुसार तीन वर्षांची ठेव ७.२५ टक्क्यांनी आहे, त्यातले आठ महिने उरलेत. मुदतीआधी मोडली तर बँक ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लावते, तुमच्या बाबतीत ७ टक्के, आणि त्यातून १ टक्का दंड कापते. हातात ६ टक्के. दोन लाखांवर सव्वादोन वर्षांहून थोड्या जास्त काळाचा हा फरक सुमारे सहा हजार होतो. म्हणजे बाल्कनी खरं तर १,१४,००० ची. अगदी हट्टच असेल तर ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल. साधारण ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त व्याज पडतं आणि तेही जेवढी रक्कम वापराल तेवढ्यावरच.

खिडकीची केबिन घेतली तर लाखातले २६,००० उरतात. ते लागणारच आहेत. नागपूर-मुंबई जाणं-येणं, जहाजावरची टिप (ती बऱ्याचदा माणशी दररोज बिलातच लागते), बंदरावरची भटकंती, प्रवास विमा. आणि कृपा करून जहाजाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, त्यामानाने एका रात्रीचं हॉटेल स्वस्त.

एजंट ‘गॅरंटी केबिन’ म्हणून आणखी स्वस्त भाव सांगेल. नाव फसवं आहे. गॅरंटी फक्त केबिनच्या प्रकाराची, जागा कंपनी देईल ती. दुसऱ्या कुणाला मी कदाचित घ्या म्हटलं असतं, तुम्हाला नाही. केबिनचा नंबर हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. नंबर मिळाला की डेकचा नकाशा मागवून वर-खाली काय आहे ते बघा. डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, पायाखाली नाचगाण्याचा हॉल असेल तर अर्ध्या रात्रीपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर तो नंबर पक्का करून टाका.