नवस आईचा, केनियाला जायचं मुलाने

प्रश्न : माझा मुलगा 21 वर्षांचा आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत. तो सातव्या महिन्यात जन्मला, काचेच्या पेटीत होता. तेव्हा मी बायबलमधल्या हन्नासारखा नवस केला होता, वाचला तर प्रभूच्या सेवेला देईन. आता चर्चमधल्या ओळखीच्या एका पाळकांनी केनियात किसुमूजवळ अनाथ मुलांसाठी बालगृह बांधायला, मिशनरी म्हणून दोन वर्षं जायची संधी आणली आहे. 3,80,000 रुपये आपण भरायचे. धाकटीच्या शिक्षणाची एफडी मोडायची माझी तयारी आहे. दोन विषय राहिले ही देवाचीच खूण वाटते. मुलगा 'तू म्हणशील तसं' म्हणतो. शिक्षण सोडून पाठवू का? परत आल्यावर त्याला नोकरी कसली मिळेल?
– एक आई, श्रीरामपूर

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्यातला गाभा तेवढा दिलाय. त्या चार पानांत तुमच्या मुलाच्या तोंडचं एकच वाक्य आहे. 'तू म्हणशील तसं.' मी तिथेच थांबले. दोन वर्षं परक्या मुलखात राहायचा विषय निघालाय आणि 21 वर्षांचा मुलगा एवढंच बोलतो. कुठे राहीन, काय करीन, माझ्या परीक्षेचं काय, यातलं काहीच विचारत नाही. याला होकार म्हणू नका. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी मुलं हे वाक्य आई-वडिलांसमोर बोलतात आणि ते बाहेर जाऊन बसले की वेगळंच सांगतात.

बहुतेक घरांत हे वाक्य 'नीट'च्या नाहीतर यूपीएससीच्या परीक्षेबद्दल असतं. तिथे मुलाने नाही म्हटलं तर वडील चार दिवस बोलत नाहीत, मग बोलतात. तुमच्या मुलाने नाही म्हटलं तर आईचा नवस मोडतो, देवाला दिलेला शब्द मोडतो, आणि आपण ज्या बोलीवर वाचलो ती पाळली नाही हे ओझं जन्मभर त्याच्या मानेवर राहतं. काचेच्या पेटीची गोष्ट तो कळत्या वयापासून ऐकत आला असणार. तुम्ही प्रेमानेच सांगितली असेल. पण एखाद्या मुलाला 'तुझं आयुष्य आधीच देऊन झालंय' असं सांगत वाढवलं, की त्याला स्वतःला काय हवंय हे शोधायची सवयच लागत नाही. दोन विषय राहण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

तुमच्या श्रद्धेत मी हात घालत नाही. पण हन्नाचा दाखला तुम्हीच दिलात, तर तो पुरता बघू. हन्नाने शमुवेलाला एलीकडे मंदिरात नेऊन सोडलं, इथवर नवस तिचा. पुढे रात्री देवाची हाक आली ती शमुवेलाला, त्याच्या स्वतःच्या नावाने. एली बोलावतोय असं समजून ते पोर तीनदा उठून त्याच्याकडे धावलं. एली म्हातारा, अधिकारी याजक. पण ही हाक आपल्यासाठी नाही हे कळल्यावर त्याने मुलाला परत पाठवलं आणि उत्तर तूच दे म्हणून सांगितलं. हन्ना तर तिथे नव्हतीही. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आईच्या वतीने घेता येत नाही, हे तुमच्या पाळकांनाही मान्य असायला हवं. ते म्हणत असतील की आईचा नवस पुरे, तर मी त्यांच्याशी समोरासमोर वाद घालायला तयार आहे.

राहिलेल्या दोन विषयांत खूण वगैरे शोधू नका. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला विषय राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, पुढच्या परीक्षेला बसून सोडवतात. पदवी हातात आली की गेट, एमपीएससी, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकामची ज्युनिअर इंजिनिअरची भरती, सगळं उघडं आहे. त्याबद्दल कुठलाही क्लासवाला सांगेल, मी जागा घालवत नाही.

पण राहिलेल्या विषयांतला एक जिओटेक, म्हणजे माती आणि पाया, हे तुमच्या पत्रात वाचून मला राहवलं नाही. किसुमूला लागून कानोचं मैदान आहे, तिथली माती तुमच्या श्रीरामपूरसारखीच काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही किंवा खालची माती बदलून घेतली नाही, तर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरकी तडकते. आपल्याकडच्या जुन्या शाळाखोल्या बघा, कोपऱ्यावरची ती तिरकी चीर गिलावा करून बुजवलेली दिसेल. ज्या मुलाचा हाच पेपर राहिलाय त्याला तुम्ही काळ्या मातीवर लहान मुलांच्या झोपायच्या खोल्या बांधायला पाठवताय. देवाच्या कामाला कच्चा इंजिनिअर चालतो असं समजू नका. आणि वीट रचायची, कोबा करायचा, पत्रे ठोकायचे, यासाठी किसुमूत गवंडी आहेत, सुतार आहेत, त्यांना 'फुंडी' म्हणतात. त्यांना त्या मजुरीची गरज आहे. तुमच्या मुलाच्या विमान तिकिटाच्या पैशांत त्यांच्यातल्या एकाला महिनोन्‌महिने मजुरी देता येईल.

आता मूळ गैरसमजाकडे येते. तुमच्या पत्रात 'अनाथ' हा शब्द ज्या विश्वासाने येतो त्यावरून वाटतं, की त्या बालगृहातल्या मुलांना जगात कुणीच नाही असं तुम्ही धरून चाललात. हा समज फक्त तुमचा नाही, देणगी देणाऱ्या जवळपास सगळ्यांचा आहे. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक गेलेलं मूलही अनाथ धरलं जातं. 2015 साली जगात अशी सुमारे 14 कोटी मुलं होती. त्यात दोघेही गेलेली साधारण दीड कोटी. संस्थांत राहणाऱ्या मुलांचं पाहिलं, तर जगभरात पाचांतल्या चारांचे आई-वडील किंवा त्यांतलं एक तरी हयात असतं, असं 'सेव्ह द चिल्ड्रन'ने 2009 सालीच मांडलं होतं. किसुमू, सियाया, होमा बे हा व्हिक्टोरिया सरोवराकाठचा पट्टा एड्सने पोळलेला. तरण्या आई-वडिलांची एक पिढीच्या पिढी गेली आणि मुलं आज्यांनी, मावश्यांनी, काकांनी वाढवली. मग ती बालगृहात का जातात? आजीकडे शाळेचा गणवेश, वही, दुपारचं जेवण याला पैसे नाहीत, आणि बालगृहात हे सगळं फुकट मिळतं म्हणून. म्हणजे मुलाला घर नसतं असं नाही, घरात पैसे नसतात. आपण त्या घराला पैसे देण्याऐवजी दुसरी इमारत बांधतो आणि मूल घरातून उचलून तिकडे नेतो. इमारत उभी राहिली की खाटा भरायला मुलं लागतात, आणि खाटा भरलेल्या दिसल्या की देणगी येते. काही देशांत यातून धंदाच उभा राहिला. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची ने-आण आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नात धरली, ती यामुळेच.

असल्या ठिकाणी पाहुणा फाटकातून आत आला की तीन-चार वर्षांची पोरं धावत येतात, हात धरतात, मांडीवर चढून बसतात. पाहुण्याचे डोळे भरून येतात, फोटो निघतो. आपल्या घरातलं त्या वयाचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातं. जे मूल कुणालाही चिकटतं त्याला आपलं माणूस कोणतं हे कळायला वावच मिळालेला नसतो. रुमानियात बुखारेस्टला 2001 पासून संस्थेतल्या 136 मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं बोलण्यात, बुद्धीत, जिव्हाळ्यात सावरली, मागे राहिलेल्यांना ते फार जड गेलं. तुमचा मुलगा मायाळू असेल, पोरं त्याला लळा लावतील, आणि दोन वर्षांनी तो निघून येईल. त्याच्या आधीही असाच कुणी येऊन गेलेला असेल.

केनिया सरकारला हे कळलंय. नवीन बालगृहांची नोंदणी त्यांनी नोव्हेंबर 2017 मध्येच थांबवली. 2022 साली नवा बालक कायदा आला, आणि त्याच वर्षी 2032 पर्यंतचं धोरण जाहीर झालं, की संस्थांतली मुलं टप्प्याटप्प्याने नातेवाइकांकडे, पालक-कुटुंबांकडे न्यायची. अनाथ मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांना तिथे सरकारकडून महिन्याला 2,000 शिलिंग मिळण्याची योजना कितीतरी आधीपासून आहे. तेव्हा पाळकांना सरळ विचारा, नव्या बालगृहांची नोंदणी बंद केलेल्या देशात तुम्ही बालगृह कशाच्या आधारावर बांधताय?

मी मिशनरी जीवनाच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. त्या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच ते असं उरकलेलं बघवत नाही. वसई-गोव्याकडचे फादर आणि सिस्टर आफ्रिकेत वर्षानुवर्षं राहतात, पण जाण्याआधी त्यांची कितीतरी वर्षं तयारीत गेलेली असतात. तिथे गेल्यावरही आधी भाषा. शाळेत, कचेरीत किस्वाहिली, आणि किसुमूकडच्या घराघरांत धोलुओ. आजीशी तिच्या भाषेत बोलता येईना तर तिच्या नातवाबद्दल काय ठरवणार? मग मलेरिया, पाणी भरणं, हिशेबाच्या वह्या, सरकारी कचेरीतले हेलपाटे, आणि संध्याकाळी येणारा एकटेपणा, ज्याबद्दल साक्ष देताना कुणी बोलत नाही.

आपल्या दौंडजवळच्या केडगावचंच बघा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या तेव्हा त्या मुलींना खरोखरच कुणी वाली नव्हतं. रमाबाई त्याआधी इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्या होत्या, बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली होती. तिथल्या आपल्या 'मुक्ती' सदनात त्यांनी मुलींना विणकाम, शेती, छापखान्यातलं काम शिकवलं, पोट भरता येईल असं. आणि त्या 1922 साली वारल्या तोवर तिथेच राहिल्या. श्रीरामपूरहून केडगाव काही लांब नाही. मुलाला घेऊन एकदा जा. तुम्ही बाहेर बसा, त्याला एकट्याला फिरून येऊ द्या.

तेव्हा माझा सल्ला : आत्ता पाठवू नका. त्याला आधी दोन विषय आणि मग पदवी पूर्ण करू द्या. त्यानंतर त्याला स्वतःला, पुन्हा सांगते, त्याला स्वतःला मुलांसाठी काम करावंसं वाटलं, तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येईल. तुमच्या जिल्ह्यातच अहिल्यानगरला सीएसआरडी आहे, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन. आपल्याच राज्यात बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात, आणि कागद जुळवून देणारं कुणी नसल्यामुळे कितीतरी आज्यांपर्यंत ते पोचत नाहीत. सुट्टीत त्याने तालुक्यातल्या अशा चार घरांचे अर्ज भरून बालकल्याण समितीपर्यंत नेले, तरी हे काम आपल्याला मानवतं का ते त्याला कळेल. त्यात मन रमलं नाही आणि नुसतं पूलबांधणीत रमलं, तर त्याला चांगला पूल बांधू द्या. पुढे कधी केनियाला जावंसं वाटलंच तर पदवीधर इंजिनिअर म्हणून पाणीयोजनेवर, शाळेवर, दवाखान्यावर तो कामाचा माणूस ठरेल.

याआधी एक करा. मुलाला मला लिहू द्या. पत्र तुम्ही वाचायचं नाही, पोस्टात त्यानेच टाकायचं. आणि त्याला तोंडाने सांगा की नवस माझा होता, तो कसा फेडायचा ते मी बघीन. मंडळीत सेवा करा, दान करा, पाळकांशी बोला, पण त्याला त्यातून मोकळा करा.

एफडीला हात लावू नका. ती धाकटीची आहे, आणि चार पानांत तिचंही मत तुम्ही कळवलेलं नाही.

पाळकांकडून पुढच्या गोष्टी लेखी मागा. केनियातल्या संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. मुलाला धार्मिक-सेवाभावी कामाचा 'क्लास आय' परवाना मिळणार आहे की पाहुण्यांच्या ऑनलाइन परवानगीवर नेऊन कामाला लावणार, कारण दुसरी गोष्ट बेकायदा आहे. बांधकामाची तिथल्या नॅशनल कन्स्ट्रक्शन ऑथॉरिटीकडे नोंद आहे का, आणि जबाबदार इंजिनिअर कोण. 3,80,000 कोणत्या खात्यात जाणार, पावती कुणाच्या नावाची. आजारी पडला तर विमा कुणाचा, मध्येच परत यावंसं वाटलं तर तिकीट कुणाचं. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी काही आलं तर त्याची प्रत मला पाठवा, मी ते तिथल्या नियमांशी ताडून बघते आणि कळवते.