'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवाने यूट्यूब चॅनल काढून दिलंय, त्यावर मी कविता वाचते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या काही कविता पूर्ण वाचल्या, खाली 'साभार' आणि कवीचं नावही लिहिलं, तरी एका व्हिडिओवर कॉपीराइटचा स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, आला. एक रुपया कमवत नाही हो मी. आणि तात्यासाहेब तर आमच्या नाशिकचे, त्यांच्या कविता वाचायला परवानगी कसली?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बाई, राग समजतो, पण 'साभार'ने नुसतं श्रेय दिलं जातं, परवानगी वेगळी घ्यावी लागते. पैसे न कमावणं ही पण आपोआप सूट नाही. याच कविता सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) फुकट कार्यक्रम ठेवून हौशी मंडळाने वाचल्या असत्या तर कायदा आड आला नसता, कारण तिकीट नसलेल्या हौशी कार्यक्रमाला सवलत आहे, पुस्तकातला वाजवी उतारा चारचौघांत वाचायलाही आहे. अख्खी कविता रेकॉर्ड करून जगभर टाकली की मामला बदलतो.

आता मुदतीचं. १७१० साली इंग्लंडमध्ये पहिला कायदा आला तेव्हा नव्या पुस्तकाला १४ वर्षं आणि लेखक हयात असेल तर अजून १४, बस्स! त्याआधी लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघाची मक्तेदारी होती, ती मोडायला हा कायदा उपयोगी पडला. आपला आत्ताचा कायदा १९५७ चा, त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती. मग १९९१ अखेर टागोरांचं साहित्य सगळ्यांना खुलं होणार म्हटल्यावर त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाकडचे हक्क जातील म्हणून सरकारने ऐनवेळी मुदत ६० केली, तीही सगळ्याच लेखकांसाठी. एका संस्थेपायी सगळ्या देशाला दहा वर्षं थांबवलं, मला तर हे आजही पटलेलं नाही.

मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. तात्यासाहेब १९९९ ला गेले, म्हणजे त्यांच्या कविता १ जानेवारी २०६० ला मोकळ्या. भगूरचे सावरकर १९६६ ला गेले, त्यांनी हयातीत छापलेलं १ जानेवारी २०२७ पासून. केशवसुत, बालकवी कधीचेच मोकळे आहेत, ते बिनधास्त वाचा, फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा टीपा वाचू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो.

बाकीच्यांसाठी पुस्तक उघडून सुरुवातीच्या पानावर हक्क कुणाचे ते बघा आणि प्रकाशकाला मेल टाका, कुठली कविता, कुठलं चॅनल, जाहिराती नाहीत, सगळं लिहा आणि उत्तर लेखीच घ्या. खरी पंचाईत होते ती वारस सापडत नाहीत आणि प्रकाशन संस्थाही बंद पडलेली असते तेव्हा, अशी कितीतरी मराठी पुस्तकं नुसती पडून आहेत. परवानगी येईपर्यंत बाकीचे व्हिडिओ प्रायव्हेट करून ठेवा, कारण ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होऊ शकतं.

प्रश्न : नातू म्हणतो एआयकडून कुसुमाग्रजांच्या शैलीत कविता लिहून घे, मग कटकट नाही. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. शैलीवर कॉपीराइट नसतो, शब्दांवर असतो, त्यामुळे मूळ ओळी जशाच्या तशा उतरल्या तर पुन्हा तेच. एआयला शिकवताना लोकांचं लिखाण विनापरवाना वापरलं तर चालतं का, हा वाद एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली हायकोर्टात नेलाय. आणि नातवाला सांगा, तसली कविता टाकलीच तर वर कुसुमाग्रजांचं नाव घालू नको.