परसबाग, प्रश्न तुमचे : लव्हाळा उपटून जात नाही

प्रश्न : ताई, नेरूळला आमचं रो-हाउस आहे. मागे दहा बाय बारा फुटांची माती. तुळस, गवती चहा, दोन जास्वंदी. गेल्या वर्षी लाल मातीच्या गोणी आणून टाकल्या, तेव्हापासून लव्हाळ्याने उच्छाद मांडलाय. रविवारी उपटला की गुरुवारी बोटभर वर. आमचे हे म्हणतात, तणनाशक मारून मोकळे होऊ. पण घरात मांजर आहे आणि गवती चहा रोज चहात पडतो. व्हॉट्सॲपवर मीठ-व्हिनेगरचा उपाय आलाय, तो करू का?

उत्तर : मीठ नको. हे ठेच खाऊन सांगतेय. नौपाड्यातल्या आमच्या अंगणात एका दसऱ्याला, पाऊस संपल्यावर, मी पातेलंभर मिठाचं पाणी लव्हाळ्यावर ओतलं. शेजारच्या कढीपत्त्याची पानं कडेने करपत गेली आणि दिवाळीपर्यंत त्याचा खराटा झाला. लव्हाळा मात्र दहा दिवसांत हजर! मीठ मातीत मुरून बसतं आणि आपल्याच झाडांचं पाणी तोडतं. व्हिनेगरने पानं जळतात, संध्याकाळी तो पिवळा पडलेला पाहून बरंही वाटतं, पण गाठीला झळ लागत नाही.

सगळं त्या गाठीत आहे. आधी दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तीन धारा लागल्या तर लव्हाळाच. मग ओढू नका, शेजारी खुरपं खोल घालून ढेकूळच उचला. शेंगदाण्याएवढी काळपट गाठ दिसेल, तिच्यापासून दोऱ्यासारखी मुळी निघून पुढची गाठ, मग आणखी पुढची. गाठ ठेचून वास घ्या. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आठवेल. तो ह्याच कुळातला. तुम्ही उपटता तेव्हा वरचं गवत हातात येतं, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. तुमच्या गोण्यांतून ह्याच गाठी घरी आल्या असणार. पुढच्या वेळी माती चाळूनच घ्या.

आता भर पावसात सगळं खणत बसू नका. कुदळीने साखळी तुटते आणि ओल्या मातीत प्रत्येक तुकडा नवा संसार मांडतो. सध्या दर आठ-दहा दिवसांनी विळ्याने जमिनीलगत छाटा. कंटाळा येईल, पण चुकवू नका. पानं वाढवायला गाठीला साठा खर्च करावा लागतो; तो भरून काढायची उसंत तिला मिळता कामा नये. खणायचं ते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा वीतभर खोल माती उलथा, सापडतील त्या गाठी वेचा, उरलेली माती कडक उन्हात पसरून तापू द्या. वाळून खडखडीत झालेली गाठ फुटत नाही. वेचलेल्या गाठी खताच्या डब्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर वाफ्यात परत येतील.

काळं प्लास्टिक अंथरायचा सल्ला कुणी देईल. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, प्लास्टिक फोडून वर येतं. त्याला खरी अडचण सावलीची. मोकळ्या जागेत आत्ताच रताळ्याचे वेल लावा. महिना-दीड महिन्यात जमीन झाकली जाते आणि खालचा लव्हाळा फिका, रोडावलेला दिसू लागतो. दिवाळीनंतर रताळी काढताना आणखी गाठी हाती लागतील. दोन पावसाळे धरून चला. मला तीन लागले, कारण मधे एक गणपती गावाला गेले आणि छाटणी राहिली.

प्रश्न : कोलशेतला आमच्या सोसायटीच्या भिंतीमागे गाजर गवत माजलंय. वॉचमन हातानेच उपटतो. चालेल?

उत्तर : त्याला आधी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. ह्या गवताने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, परागाने शिंका आणि दमा. 1955 साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आत, माती ओली असताना मुळासकट काढा. मोकळ्या झालेल्या जागेवर टाकळ्याचं बी फेका. तो दाट उगवून गाजर गवताला जागा देत नाही. आणि पहिल्या पावसातला कोवळा टाकळा, लसूण आणि ओलं खोबरं घालून... वॉचमनला भाजी कशी करतात ते विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.